डिझेल की पेट्रोल? आधी किलोमीटर मोजा!



आपल्या वस्त्यांत एक काळ असा होता की, कामाला जायचे म्हणजे सायकलच्या हँडलला डबा अडकवायचा आणि भोंगा व्हायच्या आत गेट गाठायचे. पुढे लुना आली. मग सोसायटीचे कर्ज काढून स्कूटर आली, मोटरसायकल आली. आता काही घरांपुढे चारचाकीही उभी दिसते. ती चैन म्हणून आलेली नाही. कारखाने शहराबाहेर गेले, हायवेवर ट्रकांच्या गर्दीतून दुचाकी चालवणे जिवावरचे झाले, पावसाळ्यात रात्रपाळी सुटली की घरची माणसे दाराकडे डोळे लावून बसतात. म्हणून नवरा-बायको बसून ठरवतात, हप्ता झेपेल तर गाडी घेऊन टाकू.

ठरले की पहिला प्रश्न येतो, डिझेल घ्यावी की पेट्रोल? मामा सांगतात, "डिझेलच घे, चालवायला स्वस्त." शेजारचा मेकॅनिक म्हणतो, "पेट्रोल घ्या, डोक्याला ताप नाही." शोरूममधला मुलगा दोन्ही चांगल्या म्हणतो आणि जी उभी असेल ती दाखवतो. ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याचा नाहीच. याचे उत्तर आपल्या रोजच्या रस्त्यात आहे. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालणार आणि कसल्या रस्त्यावर चालणार, हे कागदावर मांडले की निम्मे उत्तर आपोआप मिळते. आज आपण तो कागद मांडू.

"डिझेल स्वस्त" हा समज आला कोठून?

मामा खोटे बोलत नाहीत. त्यांच्या काळात ते खरेच होते. डिझेल हे ट्रकचे, एसटीचे, शेतकऱ्याच्या पंपाचे इंधन. ते महागले की भाजीपासून धान्यापर्यंत सारे महागते. म्हणून सरकार त्याचा भाव दाबून ठेवत असे. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि लहान डिझेल मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. २००७ मध्ये मारुतीची डिझेल स्विफ्ट आली आणि नोकरदारही डिझेलकडे वळला.

जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचा भाव मोकळा केला, डिझेलचा मात्र आपल्या हाती ठेवला. तेव्हापासून दोहोंतली दरी वाढतच गेली. २०१२ च्या मध्याला दिल्लीत डिझेल ४१ रुपये लिटर होते आणि पेट्रोल त्यापेक्षा सुमारे ३० रुपयांनी महाग. त्या काळात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या, यात नवल नाही. म्हणजे एसटीच्या प्रवाशासाठी आणि शेतकऱ्याच्या पंपासाठी ठेवलेली सवलत खासगी मोटारवाल्यांनीही उचलली. डिझेल मोटारींवर जादा कर बसवावा, अशी सूचना किरीट पारीख समितीने २०१० सालीच केली होती.

जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव महिन्याला थोडा थोडा वाढवण्यास सुरुवात झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही मोकळा झाला. मग दरी बुजत गेली. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाल्याचे लोकांनी पाहिले. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आणि डिझेल ९०-९१ च्या आसपास राहिले. म्हणजे फरक उरला तेरा-चौदा रुपयांचा. तीस रुपयांच्या काळातला सल्ला तेरा रुपयांच्या काळात जसाच्या तसा लागू होत नाही. मामांचा मान ठेवावा, पण हिशेब आजच्या भावाने करावा.

दोन इंजिने, दोन स्वभाव

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तेथे नुसती हवा इतकी जोरात दाबतात की ती तापून लाल होण्याजोगी गरम होते, आणि त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात हे इंजिन घडवले, म्हणून त्याचे नाव इंधनालाही चिकटले.

या जास्त दाबामुळे डिझेल इंजिन इंधनाचा उपयोग चांगला करते. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक उष्णता असते. म्हणून ॲव्हरेज जास्त मिळते, चढावर आणि भरलेल्या गाडीत ओढ चांगली लागते.

पण तोच दाब सोसायला इंजिन जाड आणि मजबूत बनवावे लागते. फवारा मारणारा पंप, इंजेक्टर, टर्बो हे सारे भारी दाबाचे आणि नाजूक मापाचे सामान. आपण टायरमध्ये जी हवा भरतो, तिच्या शेकडो पट दाबाने आजच्या गाडीत डिझेल फवारले जाते. म्हणून डिझेल गाडी मुळात महाग, आणि बिघडली तर दुरुस्तीही महाग. एक इंजेक्टर बदलायचा म्हटला तरी खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो.

सांगायचे तात्पर्य, डिझेल गाडीत आपण आधी जास्त पैसे मोजतो आणि मग रस्त्यावर ते थोडे थोडे परत मिळवतो. रस्ताच नसेल, तर पैसे परत मिळवायचे कोठून?

दोन घरांचा हिशेब

आता उदाहरण घेऊ. नागपुरात इंदोऱ्याला शेजारी शेजारी राहणारी दोन घरे आहेत असे समजा. पहिल्या घरातला कमावता माणूस हिंगण्याच्या एमआयडीसीत जातो, दुसऱ्या घरातला बुटीबोरीला. हिंगण्याचे जाणे-येणे २८ किलोमीटर धरू, बुटीबोरीचे ७०. कामाचे दिवस वर्षाला २८०. त्यात नातेवाईक, लग्नकार्य, दवाखाना मिळवला तर पहिल्या घराची गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालेल, दुसऱ्या घराची २२,०००.

दोघांनाही एकच गाडी आवडली आहे. पेट्रोलची शोरूम किंमत साडेआठ लाख आणि डिझेलची ९ लाख ७० हजार धरू. फरक दिसतो १ लाख २० हजारांचा. पण तो एवढाच नाही.

महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर एकरकमी रस्ता कर ११ टक्के आहे, डिझेलवर १३ टक्के. म्हणजे पेट्रोलवर ९३,५०० रुपये आणि डिझेलवर १,२६,१०० रुपये. येथे आणखी ३२,६०० वाढले. विम्याचा थोडा फरक धरला की एकूण १ लाख ५५ हजार होतात. हे कर्जातूनच येणार. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज धरले, तर या वरच्या रकमेचा महिन्याचा हप्ता पडतो सुमारे ३,२५५ रुपये, आणि पाच वर्षांत व्याजासह ती होते १ लाख ९५ हजार.

आता मिळकतीची बाजू. पेट्रोल गाडी रोजच्या वापरात १५ चे ॲव्हरेज देते आणि डिझेल १९ चे, असे धरू. कंपनीने छापलेला आकडा येथे घेऊ नये. तो चाचणीतला असतो, रस्त्यावर तेवढा मिळत नाही. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ या भावाने पेट्रोल गाडीचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे येतो आणि डिझेलचा ४ रुपये ७९ पैसे. किलोमीटरमागे २ रुपये १४ पैसे वाचले.

पहिल्या घराचे वर्षाला वाचतील सुमारे २१,४४०. डिझेलच्या सर्व्हिसिंगचा जादा खर्च ३,००० वजा केला तर उरतात १८,४४०. म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये. हप्ता मात्र ३,२५५ जादा. पाच वर्षे दर महिन्याला घरातून सतराशे रुपये जादा जात राहणार, आणि ते १ लाख ९५ हजार भरून निघायला साडेदहा वर्षे लागणार. तोवर मुलगी शाळा संपवून कॉलेजात गेलेली असेल. तिच्या क्लासची फी याच सतराशे रुपयांतून भागली असती.

दुसऱ्या घराचे वर्षाला वाचतात ४७,१७०. सर्व्हिसिंगचे तीन हजार वजा करता ४४,१७०, म्हणजे महिन्याला ३,६८०. जादा हप्ता भरूनही चारशेच्या वर रुपये हातात राहतात. साडेचार वर्षांच्या आत पैसे फिटतात आणि पुढची सारी वर्षे निव्वळ बचतीची.

गाडी तीच, पंप तोच, गल्लीही तीच. तरी एका घराला डिझेल परवडते आणि दुसऱ्याला नाही. फरक आहे तो फक्त किलोमीटरांचा. हेच आज सांगायचे आहे.

आपल्या घरी हा हिशेब करताना आमचे आकडे घेऊ नका. आपल्या पंपाचा भाव, आपल्या शोरूमची किंमत, आपल्या बँकेचे व्याज घ्या. रीत मात्र हीच ठेवा. जादा किंमत, जादा कर आणि जादा व्याज यांची बेरीज करा. किलोमीटरमागची बचत काढून तिला वर्षाच्या किलोमीटरने गुणा. सर्व्हिसिंगचा फरक वजा करा. मग भागाकार करून किती वर्षांनी पैसे फिटतात ते पाहा. सातवी-आठवीतल्या मुलाला वही देऊन बसवा. गणिताचा सराव होईल आणि घरात पैसा कसा चालतो हेही त्याला कळेल.

काजळीची जाळी

पैशाच्या हिशेबाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती शोरूममध्ये क्वचितच कोणी सांगते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्या नियमांत बसण्यासाठी नव्या डिझेल मोटारीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी बसवावी लागते. मेकॅनिक तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी हळूहळू काजळीने भरते. मग गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि तो तापण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालावी लागते.

बुटीबोरीच्या वर्धा रोडवर हे सहज होते. पण गर्दीच्या वेळी सिग्नलला थांबत थांबत जाणाऱ्या गाडीत, किंवा घर ते बाजार आणि बाजार ते शाळा एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापतच नाही. जाळी भरत जाते, समोर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते. तरीही दुर्लक्ष केले तर जाळी साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च अंगावर येतो, आणि बदलण्याचा आकडा ऐकून घाम फुटतो.

दिवा लागला तर घाबरू नये. गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारावी, बहुतेक वेळा दिवा जातो. न गेल्यास सर्व्हिस सेंटर गाठावे. काही ठिकाणी "जाळी काढूनच टाकू, कटकट मिटेल" असा सल्ला मिळतो. तो मुळीच ऐकू नये. ते कायद्याच्या विरुद्ध आहे, वॉरंटी जाते, आणि काढलेल्या जाळीमागची सारी काजळी आपल्याच गल्लीत पडते.

ती काजळी साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. रस्त्याला लागून ज्यांची घरे आहेत, पदपथावर ज्यांची दुकाने आहेत, जी मुले चालत शाळेत जातात, त्यांच्या छातीत तो धूर आधी जातो. ही आपलीच माणसे आहेत. जाळी शाबूत असलेली नवी डिझेल गाडी जुन्या गाडीच्या मानाने फारच कमी काजळी सोडते. म्हणून डिझेल घ्यायचीच असेल, तर जाळी जपणे हे गाडीचेच नव्हे तर शेजाऱ्याचेही काम समजावे.

हे नियम आले तेव्हा लहान डिझेल गाड्या बनवणे कंपन्यांनाही परवडेनासे झाले. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या. इतरांनीही लहान गाड्यांतून डिझेल काढले. त्यामुळे आता लहान गाडी घेणाऱ्यापुढे डिझेलचा पर्याय जवळजवळ उरलेलाच नाही. मोठ्या, उंच गाड्यांत तो मिळतो. "डिझेल हवी" म्हणून गरजेपेक्षा मोठी गाडी गळ्यात पडत नाही ना, हेही तपासावे.

तिसरा दावेदार

डिझेल-पेट्रोलच्या भांडणात सीएनजीला विसरू नये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर याच वायूवर आल्या. मुंबई-ठाणे पट्ट्यात २०२५ मध्ये सीएनजी किलोला ८० रुपयांच्या आसपास होता. ज्या गाडीला पेट्रोलवर १५ मिळतात, तिला एका किलोत २० मिळाले असे धरले, तर किलोमीटरला चार रुपयेच पडतात. हे डिझेलपेक्षाही कमी झाले.

कंपनीने बसवलेल्या सीएनजी गाडीची किंमत पेट्रोलपेक्षा ९०-९५ हजारांनी जास्त असते. पण रस्ता कर येथे कमी आहे. तो ७ टक्के होता, जुलै २०२५ पासून दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के झाला. त्यामुळे प्रत्यक्षात जादा पडतात ७७ हजारांच्या आसपास. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्या घराचेही हे पैसे, व्याज धरून, साडेतीन वर्षांच्या आत फिटतात. डिझेलला जेथे साडेदहा वर्षे लागत होती, तेथे हे लक्षात घ्यावे.

अडचणी आहेतच. डिकी टाकीने भरते, पंपावर रांग लागते, चढावर ओढ कमी पडते, टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय भाव सगळीकडे सारखा नाही. नागपुरात २०२२ मध्ये सीएनजी किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. म्हणून कल्याण-पनवेलचा हिशेब नागपूर-चंद्रपूरला लावू नये. आपल्या वाटेवर पंप आहे का, भाव काय आणि रांग किती, हे आठवडाभर स्वतः पाहून मग ठरवावे.

पेट्रोलबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. २०२५ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि नळ्या त्यासाठी बनलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत ॲव्हरेज काही टक्क्यांनी घटते. जुनी पेट्रोल गाडी घेताना हिशेबात ॲव्हरेज थोडे कमीच धरावे.

जुनी गाडी घेताना

आपल्यापैकी पुष्कळ घरे नवी गाडी घेत नाहीत, चार-सहा वर्षांची वापरलेली घेतात. त्यात कमीपणा काही नाही. पण येथे डिझेलचा हिशेब उलटा होतो. नवी असताना किंमतीत जो मोठा फरक असतो, तो जुन्या बाजारात पुष्कळ कमी झालेला दिसतो. मात्र पहिल्या मालकाने तिला पळवून पळवून सारी बचत काढून घेतलेली असते. आपल्या वाट्याला येतात थकलेला टर्बो आणि इंजेक्टर. कमी पैशांत मोठी डिझेल गाडी मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. गाडी स्वस्त मिळाली तरी तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत.

दुसरी गोष्ट दिल्लीच्या गाड्यांची. तेथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझेलची दहा वर्षे व पेट्रोलची पंधरा वर्षे ही मर्यादा उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वय पाहून मालकावर सक्तीची कारवाई करू नये असे म्हटले खरे, पण मधल्या काळात तिकडच्या किती तरी डिझेल गाड्या कमी भावात इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी समोर आली तर तिकडच्या आरटीओची एनओसी, येथे भरावा लागणारा रस्ता कर आणि नव्या नंबरचा खर्च आधी धरावा. हे सारे मिळवल्यावर ती स्वस्त उरते का ते पाहावे.

जुनी गाडी कोणतीही असो, सर्व्हिस सेंटरमधून तिच्या सर्व्हिसिंगची नोंद काढावी. मीटर मागे फिरवले असेल तर तेथे उघड होते. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, हे पाहावे. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः चालू करून पाहावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पुष्कळ दोष लपवते.

चौघांनी मिळून

आता शेवटचा हिशेब, आणि तो सर्वांत मोलाचा. बुटीबोरीच्या ७० किलोमीटरला पेट्रोल गाडीत रोज ४८५ रुपयांचे पेट्रोल लागते. डिझेलला ३३५ लागतात, म्हणजे वाचले दीडशे. पण त्याच पेट्रोल गाडीत एकाच पाळीचे चौघे सोबती बसले आणि खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२१ रुपये येतात. एकट्याने जाण्याच्या मानाने वाचले ३६४! इंधन बदलून जे मिळत नाही, ते शेजारी सोबत घेऊन मिळते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीने भाडे घेऊन माणसे नेणे कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडू शकतात. ज्यांच्याकडे गाड्या आहेत अशा सोबत्यांनी आळीपाळीने गाडी काढणे ही त्यातली चांगली रीत. एक आठवडा याची, एक आठवडा त्याची. पैशाचा व्यवहारच नको आणि गाड्याही कमी झिजतात.

आणि हिंगण्याला जाणाऱ्या पहिल्या घराने आणखी एक विचार करावा. डिसेंबर २०२२ पासून इंदोरा चौकात मेट्रो आहे. सीताबर्डीला गाडी बदलली की हिंगणा रोडवरच्या लोकमान्य नगरपर्यंत जाता येते. पाळीची वेळ जुळत असेल, तर कामावर मेट्रोने जावे आणि गाडीची गरज खरोखर किती उरते ते पुन्हा मोजावे. कदाचित कळेल की, लहानशी पेट्रोल गाडी पुरे आहे, किंवा आणखी दोन वर्षे थांबलेलेही चालेल.

थोडक्यात सांगायचे तर

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच्या आत आणि बहुतेक शहरातच फिरणे असेल, तर डिझेलचा विचार सोडून द्यावा. पेट्रोल घ्यावी, किंवा वाटेवर पंप असेल तर सीएनजी.

बारा ते वीस हजारांच्या मध्ये असाल, तर डिझेलचे पैसे फिटायला सहा-सात वर्षे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. येथे सीएनजीचा हिशेब आधी करावा. तो जमत नसेल तरच डिझेलकडे पाहावे.

वीस हजारांच्या वर आणि मोकळ्या हायवेवर रोजचे जाणे असेल, गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल, तर डिझेल परवडते. मात्र नोकरीची जागा बदलण्याची शक्यता असेल तर सावध राहावे. बुटीबोरीची बदली हिंगण्याला झाली की सारा हिशेब एका दिवसात उलटतो, हप्ता मात्र तोच राहतो.

एक छोटी सूचना घरातल्या सर्वांसाठी. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर चावी फिरवू नका. इंजिन चालू न करता गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. चावी फिरवली की पंप आणि इंजेक्टर जातात. पंपावर उतरून, काय भरतो आहे ते स्वतः पाहण्याची सवय गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लावून घ्यावी.

गाडी घेणे हा घरातला मोठा निर्णय आहे, आणि तो एकट्या पुरुषाने शोरूममध्ये उभ्या उभ्या करू नये. हप्त्याची झळ स्वयंपाकघराला आधी लागते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसताना घरच्या बाईला शेजारी बसवा आणि तिचे आकडेही त्यात मांडा. घरभाडे, फी, औषधे, किराणा. ते सारे भागवून जो हप्ता उरतो, तेवढीच आपली गाडी.

पुढील वेळी विजेवर चालणाऱ्या गाडीचा असाच हिशेब मांडू. तोपर्यंत एक काम करा. उद्यापासून महिनाभर, घर ते काम आणि काम ते घर किती किलोमीटर होतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. शोरूमची पायरी चढण्याआधी तो कागद खिशात असू द्या.